धुऱ्याकडची माती

बाळापूर
६ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

तुझ्या सासरच्या गावातून तुला पत्र लिहायची पाळी माझ्यावर येईल असं कोणाला वाटलं होतं? बाबांना विचारलं तर म्हणाले, "बाईले फोन करू नोको, तिले ऐकू येत नाही अन् ते ती कबूलबी करत नाही. पत्र टाक." पोस्टात अंतर्देशीय मागितलं तेव्हा खिडकीतल्या बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहून घेतलं. त्यांना वाटलं असेल, हिचं लग्न मोडलं असणार.

तर काम असं. इथे नाल्याच्या काठी एक मंगल कार्यालय बांधताहेत. खाली गाड्यांसाठी तळघर, म्हणजे खोल खोदाई. किल्ला जवळ असल्यामुळे परवानगीत एक अट आहे, की जेसीबी चालू असेल तोवर पुरातत्त्व शिकलेलं कोणीतरी तिथे उभं पाहिजे. नागपूरच्या आमच्या सरांनी मला पाठवलं. डोक्यावर पिवळी टोपी घालून मी दिवसभर खड्ड्याच्या कडेला उभी असते. माती उचलली जाते, मी बघते. हात वर केला की मशीन थांबलं पाहिजे. जेसीबीवाला गोपाल म्हणतो, "मॅडम, तुमचा हात वर गेला का माझा पाय आपोआप ब्रेकवर जाते." ठेकेदाराची तर खात्रीच आहे की मी गुप्तधनाच्या मागे आहे.

अजून तरी धन म्हणजे खापरंच. वर काळी माती, तिच्याखाली पांढरी. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती, तुला माहीत असेलच. म्हणजे इथे फार पूर्वी लोक राहत होते. मला एवढंही पुष्कळ आहे.

मी बस स्टँडजवळ एक खोली घेतली आहे. डबा लावला आहे, डाळीत डाळ शोधावी लागते. तुझ्या सासरी आता कोण असतं? जाऊन येऊ का?

तुझी
प्रतीक्षा

अमरावती
१३ फेब्रुवारी २०२४

चि. प्रती,

आशीर्वाद मागून देईन, आधी रागावून घेते. मले ऐकू येते. आजकाल लोकंच तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याले मी काय करू? तुझ्या बापाले सांगजो, लहानपणी त्याले पाढे मी शिकवले अन् तेव्हा बहिरा तो होता.

दुसरं, डाळीत डाळ शोधत बसू नोको. जवारीचं पीठ आण, गॅसची लहान शेगडी घे, भाकर थाप. एम.ए. झालेल्या पोरीले भाकर थापता येत नाही असं कोठं लिहिलं आहे? तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, कोणी येणारं दिसलं की पाठवते.

सासरी आता शेषराव भावजी आहेत, माझे धाकटे दीर. त्यायले लकवा झाला, खाटेवर असतात. सून त्यायचं सगळं करते, सुंदराबाई नाव तिचं, गुणाची आहे. जाय, पाया पडून ये. तुझ्या मामंजीची, म्हणजे ह्यायची, तेरवी झाल्यापासून मी गेली नाही. जावंसं वाटलं नाही.

बाकी ते मंगल कार्यालय नेमकं कोठं होऊन राहिलं? नाला तं गावाले अर्धा वेढा घालून आहे. ते वावर पहिले कोणाचं होतं? धुऱ्यावर निंबाचं झाड आहे का? सहज विचारते. रिकामी बाई आहे मी, ललित पुण्याले, दिवसभर पेपर वाचून होते मंग काय करावं.

उन्हाचं डोकं सांभाळ. आता घे आशीर्वाद.

तुझी आत्या

बाळापूर
२३ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

सहज विचारतेस काय! तुला वावरात वाटणी मागायची आहे, मी ओळखलं. तर ऐक, ते वावर तुझ्या सासऱ्यांचंच निघालं. नत्थुजींचं. सातबाऱ्यावर जुनं नाव आहे. तीस वर्षांपूर्वी विकलं, मग दोनदा हात बदलले. तेव्हा वाटणीची आशा सोड. निंब आता नाही, पण नाल्याकडच्या बांधावर, तुझ्या त्या धुऱ्यावर, त्याचं खोड आहे, दोन माणसं बसतील एवढं. मजूर त्यावर डबे सोडतात.

आता खरी बातमी. मंगळवारी पश्चिमेच्या बाजूला मी हात वर केला आणि या वेळी कारण होतं. कमरेएवढ्या खोलीवर एक लहानसा खड्डा दिसला, मातीचा रंग वेगळा. खुरपीने साफ करत गेले तर आत तान्ह्या बाळाची हाडं. अगदी जन्मल्या-जन्मल्याचं असावं. आत्या, तीन हजार वर्षांपूर्वी इकडचे लोक लेकरं घरातच पुरायचे, राहत्या जमिनीखाली. ते तसं असलं तर केवढी गोष्ट आहे! सर म्हणाले, झाकून ठेव, मी येऊन बघतो, तोवर कोणाला हात लावू देऊ नको. पोलिसांनाही कळवलं, हाड माणसाचं असलं की कळवावं लागतं. मी त्यावर गोणपाट टाकून भोवती फीत बांधली आहे. मला दोन दिवस झोप नाही. काय नशीब म्हणावं माझं, पहिल्याच कामात!

ठेकेदार चिडला आहे. तेवढा भाग सोडून बाकीचं चालू आहे. निंबाकडचा धुरा सगळ्यात शेवटी घेणार, मार्चच्या मध्यात. मग माझी सुटका.

भाकरी जमली. गोल नाही, पण भाकरी आहे.

तुझी
प्रतीक्षा

अमरावती
२ मार्च २०२४

चि. प्रती,

तू पत्रात नशीब म्हटलं. मी तो शब्द चार वेळा वाचला. तुझा दोष नाही, तुले माहीत नव्हतं. आज सांगते. तुझ्या बापालेही यातलं अर्धंच माहीत आहे, की बाईचं पहिलं लेकरू गेलं. मुलगा की मुलगी, केवढं, कोणी विचारलं नाही.

मुलगी होती. कौशल्या नाव ठेवलं होतं, आमी कौशी म्हणत होतो. पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात हगवण लागली. बैलगाडी जुंपून दवाखान्यात न्याचं म्हणेपर्यंत दुपारी गेली. मामाजींनी, माझ्या सासऱ्यानं, तिले आपल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं अन् मले माजघरात नेऊन बसवलं. दाराले बाहेरून कडी. आमच्या घरची रीत होती, की दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, मिठासंगं मातीत ठेवतात. बायांनी जायचं नाही. अन् जागा आईले सांगायची नाही. सांगितली तं आई तिथंच जाऊन बसते अन् तिची कूस पुन्हा उजवत नाही, असं म्हणत. मामाजी, तुझे मामंजी अन् शेषराव भावजी असे तिघं गेले. भावजी तेव्हा शाळेत होते, कुदळ त्यायच्या खांद्यावर दिली होती. संध्याकाळी आंघोळी करून आले, जेवले. मले कडी उघडून दिली अन् सासूबाई म्हणाल्या, चूल पेटव.

कोठं ठेवलं म्हणून मी सगळ्यायले विचारलं. सासूबाई म्हणे नदीवर. हे म्हणे तुले काय करायचं. मामाजी तं उठून बाहेर गेले. पुढं ललित झाला, मी डी.एड. केलं, नोकरी लागली, अमरावतीले आलो. सगळ्यायले वाटलं मी विसरली. वावर विकलं त्या दिवशी हे सही करून आले अन् ताटावर बसून जेवलेच नाहीत. काहून म्हटलं तं म्हणे, निंबाखाली बसून आलो जरासा. तेव्हा मले समजलं. मी विचारलं, ती तिथं आहे का? हे म्हणाले, ललितले जेवाले वाढ. त्यानंतर त्यायच्या मरेपर्यंत आमी यावर बोललो नाही.

प्रती, निंबाच्या खोडावर मजूर डबे सोडतात असं तू लिहिलं. तू जाय अन् शेषराव भावजीले विचार. त्या तिघांतले तेवढेच राहिले. त्यायनं जागा सांगितली तं मशीन लावायच्या आधी मले एकदा तिथं बसू दे. मले काही काढायचं नाही, काही न्याचं नाही, पूजा नाही, काही नाही. बसायचं आहे. मंग बांधा म्हणा मंगल कार्यालय, वाजवा बँड.

हे कोणाजवळ बोलू नोको. ललितजवळ तं मुळीच नाही.

आत्या

बाळापूर
१५ मार्च २०२४

ती. आत्या,

तुझं पत्र मिळालं. नशीब हा शब्द मी लिहायला नको होता.

मी शेषरावकाकांकडे जाऊन आले. त्यांना बोलताना त्रास होतो, पण आठवण शाबूत आहे. आत्या, निंबाकडे नाही. मी तुला पश्चिमेच्या बाजूचं लिहिलं होतं ना, गोणपाट टाकून ठेवलेलं, तीच जागा त्यांनी सांगितली. म्हणजे ते तीन हजार वर्षांपूर्वीचं नाहीच. ती आपली कौशी आहे. फीत अजून तशीच आहे, कोणी हात लावलेला नाही. सर यायच्या आधी तू येऊन जा. हवा तेवढा वेळ बस, मी सगळ्यांना बाजूला ठेवीन.

स्टँडवरून रिक्षा करून थेट साइटवरच ये. गावात जायची काही गरज नाही, ऊन फार आहे आणि काकांनाही बोलायचा ताण होतो. रिक्षावाल्याला किल्ल्याजवळचं नवं मंगल कार्यालय म्हण, कोणीही आणून सोडेल.

तब्येतीला जप.

तुझी
प्रतीक्षा

अमरावती
१९ मार्च २०२४

चि. प्रती,

पत्र मिळालं. धुळवड झाली की गुरुवारी येते, सकाळच्या पहिल्या गाडीनं. घ्यायले येऊ नोको, मी त्या गावात नांदली आहे.

तू हे माझ्यासाठी केलं, देव तुझं भलं करो.

आत्या

बाळापूर
३ एप्रिल २०२४

ती. आत्या,

सुखरूप पोचल्याचा ललितदादाचा मेसेज आला, बरं वाटलं.

गुरुवारपासून तुझंच डोक्यात आहे. तू एवढी शांत बसशील असं वाटलं नव्हतं. मी रडारडीची तयारी ठेवली होती, पाण्याची बाटली, गूळ, सगळं. तू आलीस, चपला काढल्यास, गोणपाटाच्या कडेची माती हाताने सारखी करत बसलीस, आणि ऊन डोक्यावर आल्यावर उठलीस. मला काहीच विचारलं नाहीस. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवलास. गोपाल मशीन बंद करून लांब जाऊन उभा राहिला होता. नंतर म्हणाला, "तुमच्या आत्या लय हिमतीच्या आहेत."

सोमवारी सर आले. म्हणाले, हे अलीकडचंच आहे. पंचनामा झाला. सगळं नीट काढून, पांढऱ्या कापडात बांधून आम्ही गावाच्या स्मशानभूमीत, लेकरांना ठेवतात त्या कोपऱ्यात ठेवलं. मी स्वतः गेले होते. आता तिथे कोणी मशीन लावणार नाही. तेव्हा तू निश्चिंत राहा. जे इतकी वर्षं मनात होतं ते एकदाचं मार्गी लागलं.

काम आता संपत आलं. महिनाअखेर मी नागपूरला. जाताना अमरावतीला उतरेन, चटणी तयार ठेव.

तुझी
प्रतीक्षा

अमरावती
११ एप्रिल २०२४

चि. प्रती,

चटणी तयार आहे. आता मी काय लिहिते ते नीट वाच.

तू मले थेट साइटवर ये म्हटलं. पोरी, सासरच्या गावात पाय ठेवावा अन् घरच्या देवाले हात न जोडता, घरातल्या आजारी माणसाले न भेटता कोणती सून परस्पर जाते? तू एवढं शिकली, तीन हजार वर्षांपूर्वीच्या रीती तुले माहीत, अन् ही नाही? मी स्टँडवरून आधी घरीच गेली.

भावजींनी मले पाहिलं अन् वहिनी म्हणून जे रडायले लागले ते सुंदराबाईनं पाणी पाजलं तेव्हा थांबले. माझ्या कानाशी तोंड आणून त्यायनं सगळं सांगितलं. निंबाच्या बुंध्यापासून नाल्याकडं, धुऱ्याले लागून. त्यायनंच खड्डा खणला होता. तुलेही त्यायनं हेच सांगितलं होतं. अन् तू खाटेच्या पायथ्याशी बसली अन् म्हणाली, काका, तो कोपरा तं रविवारीच नेला. हे सगळं मले माहीत झालं होतं, प्रती. घरून निघाली अन् तुझ्याकडं येताना नाल्याच्या अंगानं आली. पाहिलं मी. खोड नाही, धुरा नाही, सरळ कापलेली भिंत अन् खाली पाणी साचलेलं.

मंग तू मले हात धरून दुसरीकडं नेलं. मी गेली. तू बोलून राहिली होती अन् माझ्याकडं पाहत नव्हती, ऐकू नाही आलं तरी दिसते मले. तिथं जे लेकरू होतं ते जन्मल्या-जन्मल्याचं, तूच लिहिलं होतं. माझी कौशी सात महिन्यांची होती, भिंतीले धरून उभी राहाले पाहे. तरी मी बसली. ते कोणाचं तरी होतंच ना. त्याच्या मायलेही कोणी जागा सांगितली नसंल. म्हटलं, आलीच आहे तं तिच्या वाटचं बसून घेते. ते बसणं खरं होतं, त्याचं तू वाईट वाटून घेऊ नोको.

पण दुसऱ्या एका गोष्टीचं वाईट वाटून घे. सासूबाईनं सांगितलं नाही ते माझ्या भल्यासाठी. ह्यायनं सांगितलं नाही तेही माझ्या भल्यासाठी. ते अडाणी होते, धाकात होते, रीत होती, मी त्यायले एक वेळ सोडून देते. तू टोपी घालून उभी राहते, तुझा हात वर गेला तं मशीन थांबते, अन् तूही शेवटी माझ्या दाराले बाहेरून कडी लावली. मले किती झेपते ते तुमी सगळे मिळून ठरवता. मी एकाहत्तर वर्षांची झाली, आता कधी झेपणार मले?

रागानं लिहिलं नाही. दोन दिवस रागात होती, तेव्हा लिहिलं नाही. आज लिहून राहिली.

मले भलं नको. मले सांग, ती माती कोठं गेली?

आत्या

बाळापूर
१७ एप्रिल २०२४

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून मी दोनदा लिहायला बसले आणि फाडलं. आता जे झालं ते झालं तसं लिहिते.

१० मार्चला रविवार होता. रविवारी काम बंद, म्हणून मी अकोल्याला मैत्रिणीकडे गेले होते. ठेकेदाराला घाई होती आणि मी नसताना हात वर करणारं कोणी नव्हतं. त्याने धुरा, निंबाचं खोड, सगळा कोपरा एका दिवसात काढला. सोमवारी मी आले तेव्हा कापलेली भिंत होती. मी भांडले, सरांना कळवलं, वर तक्रार गेली, काम काही दिवस थांबलं, पुन्हा सुरू झालं. तेव्हा मला वाटत होतं की माझी खापरं गेली. मी खापरांसाठी रडले, आत्या.

तुझं पत्र मला मंगळवारी मिळालं.

पत्रावर तारीख दोन मार्चची होती आणि पोस्टाचा शिक्का सहाचा. मी तो शिक्का कितीतरी वेळ बघत राहिले. पत्र लिहिलं त्याच दिवशी पेटीत पडलं असतं तर ते शनिवारपर्यंत माझ्या हातात आलं असतं. मग मी अकोल्याला गेलेच नसते. त्या खोडावर जाऊन बसले असते आणि गोपालने माझ्यावरून मशीन नेलं नसतं. हे तुला कळलं तर तू उरलेलं आयुष्य ते चार दिवस मोजत बसशील, असं मला वाटलं. म्हणून खोटं बोलले. ते दुसरं बाळ समोर होतं, फीत बांधलेली होती, सोपं होतं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी कडी लावली.

आता माती. गोपालला घेऊन मी ट्रॅक्टरवाल्यांकडे हिंडले. अकोल्याहून बाळापूरकडे येताना, गाव लागायच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला रस्त्याला लागून एक खोलगट तुकडा होता. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं. त्याच्या मालकाने तो बुजवून लेआउट पाडला आहे. काळी माती भरावाला चालत नाही, पण फुकट मिळाली म्हणून घेतली. त्या रविवारच्या सगळ्या ट्रॉल्या तिथेच रिकाम्या झाल्या. मी जाऊन पाहिलं. माती ब्लेडने सगळीकडे पसरली आहे, वर पांढरे दगड रोवून प्लॉट आखले आहेत. कोणत्या ट्रॉलीत कोणती माती होती ते कोणीही सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही. मी दोन दिवस तिथे खाली बघत चालले. मला काही सापडलं नाही. सापडलं असतं तर सांगितलं असतं, नाही सापडलं म्हणूनही सांगते आहे.

एवढंच खरं आहे.

प्रतीक्षा

अमरावती
६ मे २०२४

चि. प्रती,

तुझं पत्र मिळालं. शिक्क्याचं तू बरोबर पाहिलं. पत्र लिहून मी ते चार दिवस पिशवीत ठेवून फिरली. रोज भाजीले जाताना पेटीवरून जाय अन् रोज परत आणे. कोणाले कधी सांगितलं नव्हतं ना, हात धजत नव्हता. तू मले हे कळू देणार नव्हती, ते तुझं माझ्यावरचं प्रेम आहे, मले समजते. पण ते चार दिवस माझे आहेत. मी रडली त्यायच्यासाठी, अन् अजून रडीन. माझंच रडणं आहे, मले रडू दे.

काल मी गेली होती. ललितले फोनवर सांगितलं अकोल्याले लग्न आहे. खामगावच्या एस.टी.त बसली, कंडक्टरले म्हटलं, बाळापूरच्या अलीकडं लेआउट आहे तिथं उतरव. तो म्हणे, आजी, तिथं थांबा नाही. मी म्हटलं, मले ऐकू येत नाही. थांबवली बिचाऱ्यानं.

उतरली तं एक माणूस छत्री घेऊन धावत आला. प्लॉट विकणारा. त्याले वाटलं गिऱ्हाईक आलं. पाणी दिलं, अन् लागला दाखवाले. हा कोपऱ्याचा, हा पूर्वेच्या तोंडाचा, इथं बगीचा होणार, इथं मंदिर. मले अर्धं ऐकू येई, अर्धं नाही, मी मान हलवत राहिली. चपला काढून हातात घेतल्या. तो म्हणे, आजी, पाय भाजतील. मी म्हटलं, माती पाहते. त्याले ते पटलं, जुनी माणसं मातीच पाहतात म्हणे. अन् मंग त्यानं मले सगळं फिरवलं, एकूण एक प्लॉट, ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत. मी म्हटलं अजून तिकडचा दाखव, तं तोही दाखवला. एक जागा सोडली नाही मी, प्रती. भेगा पडल्या आहेत त्या मातीले, आपल्या वावरातल्यासारख्याच. पाय भाजले, अजून फोड आहेत.

शेवटी तो म्हणे, आजी, कोणता पसंत पडला, कोणाच्या नावानं घ्यायचा? मी त्याले सांगितलं, घ्यायचा नाही बापा, माझी लेक आहे इथं. कोठं आहे म्हणे. मी म्हटलं, ते मले माहीत नाही, पण इथंच आहे. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा मी कोणाले तोंडानं बोलली, अन् ते कोणाजवळ, तं प्लॉट विकणाऱ्या अनोळखी माणसाजवळ.

त्यानं ऑफिसच्या टपरीतून प्लास्टिकची खुर्ची आणली, मधोमध ठेवली, छत्री मले धराले दिली अन् आपण रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

मी खुर्ची बाजूले सारली अन् खाली मातीवर बसली. गाडी येईपर्यंत बसली.

तुझी आत्या